ऊन पाणी

रविवार, २९ नोव्हेंबर १९५९. मिठबाव.

आले एकदाची सासरी. दोडामार्गाहून तीन एस.टी. गाड्या आणि शेवटी बैलगाडी. हाडं खिळखिळी झाली, पण गाडीवानाने वळणावर समुद्र दाखवला तेव्हा मी एवढ्या मोठ्याने "अगो बाय" म्हटलं की हे हसले. लग्नाला तीन दिवस झाले. ह्यांना हसताना आज पहिल्यांदा पाहिलं.

बत्तिसाव्या वर्षी नवरी झालेल्या बाईने लाजायचं तरी किती? अण्णा, माझे वडील, अंथरुणाला खिळले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नऊ वर्षं त्यांचं सगळं केलं. ते गेल्यावर भाईने, माझ्या धाकट्या भावाने, हे स्थळ आणलं. बिजवर, पडावावर म्हणजे शिडाच्या गलबतावर तांडेल, कौलं भरून मुंबईला नेतात. पदरी सहा वर्षांची मुलगी. घरात मूल आहे म्हणूनच मी हो म्हटलं, हे भाईलाही सांगितलेलं नाही. अण्णा शाळामास्तर. रोज चार ओळी लिहायची सवय त्यांनीच लावली, ती इथेही चालू ठेवणार.

घर छान आहे. तीन खोल्या, ओटी, भोवती माड. मागच्या दाराने उतरलं की न्हाणी, आणि न्हाणीच्या पलीकडे वाळूच. न्हाणीत चक्क तांब्याचा बंब! मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. आमच्याकडे मडक्यातलं पाणी तांब्याने उपसून घ्यायचं. बंबाच्या पोटावर टिंबाटिंबांनी नाव कोरलंय, "सौ. यशोदा". ह्यांची पहिली. तिच्या वडिलांनी मुंबईहून आणून लेकीला दिला होता म्हणे. मी हात जोडले आणि तोटी सोडली. असं कडकडीत पाणी अंगावर घेतलं की प्रवासाचा शीण कुठल्या कुठे गेला.

शेवंती, म्हणजे शेवू, दाराआडून बघत होती. मी बोलावलं तर पळाली. पळू दे. मला घाई नाही.

बुधवार, २ डिसेंबर

हे आज पडावावर गेले. पंधरा दिवसांनी येईन म्हणाले, मग म्हणाले वारा पडला तर महिनाही लागेल. निघताना शेवूच्या डोक्यावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मला कळलं.

शेजारच्या सीताकाकी वालीची भाजी घेऊन आल्या. साठीच्या आहेत, गोऱ्यापान, तोंडाने फटकळ. यशोदा जाऊन दीड वर्ष झालं आणि तेव्हापासून पोर कोणाकडून न्हाऊन घेत नाही, असं त्यांनी सांगितलं. आत्या यायची तिलाही चावली होती. मी शेवूला म्हटलं, तू मला न्हाऊ घाल. तिला हे फार विचित्र वाटलं असावं. माझ्या पाठीवर तिने तीन तांबे ओतले आणि चौथा स्वतःच्या डोक्यावर. मग दोघी हसत सुटलो.

मंगळवार, ८ डिसेंबर

आज शेवूने मला "आये" म्हटलं. केस विंचरत होते, फणी अडकली तशी ओरडली, "आये, दुखता गो!" आणि स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. मग मी हळूच गुंता सोडवला. हे इथे लिहून ठेवते, कारण लिहिलं नाही तर स्वप्न होतं असं वाटेल.

बंब मात्र कुरकुरायला लागलाय. पाणी कोमट येतं. नळीत काजळी धरली असेल म्हणून काथ्याने घासून काढली. तोटीही ठिबकते. नारळाची सोडणं, करवंट्या, कोळसे, सगळं घालून पाहिलं. आग चांगली धडधडते. तोटीतून येतं ते मात्र बोट बुडवावं इतपतच.

शनिवार, १२ डिसेंबर

लवू कासाराला बोलावलं. म्हातारा आहे, पण हात मोठा सफाईदार. तोटीला डाग दिला, तळ ठोकून पाहिला, नळीत डोळा घालून पाहिलं. मग त्याच्यासमोर बंब पेटवला आणि पाण्याला आधण आलं. मला हायसं वाटलं. जाताना मात्र त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

"बाय, बंबाक काय्येक झाला नाय. नळी फुटलेली नाय. आग जळता, मगे ऊब जाता खंय?"

तो कुंपणापर्यंत पोचला असेल नसेल, मी शेवूसाठी बादली लावली. गार पाणी. निखारे लालबुंद आणि पाणी गार.

माझ्या गळ्यात यशोदेच्या नावाचा टाक आहे. दुसरेपणावर दिलेल्या बाईला घालतात तसा, चांदीचा, चवलीच्या नाण्याएवढा. तोटीशी वाकले तेव्हा तो छातीवर इतका थंड लागला की दचकले. थंडीचे दिवस आहेत, धातू गार पडतोच.

गुरुवार, १७ डिसेंबर

आज पाणी विहिरीच्या पाण्याहूनही गार होतं. हात घातला तर हाडापर्यंत कळ गेली. बंबाच्या बाहेर, जिथे चटका बसायला हवा तिथे, दव धरलं होतं. नावाच्या टिंबाटिंबांवर थेंब.

मी शेवूला शोधत होते. ती न्हाणीतच सापडली. बंबाला दोन्ही हातांनी मिठी मारून, गाल लावून बसली होती. ओठ निळे. मी ओढून काढली, पदरात गुंडाळून उन्हात नेली, तळपाय चोळले. इथे काय करत होतीस म्हणून विचारलं तर अगदी साधेपणाने म्हणाली,

"आयेक थंडी वाजता. माझी ऊब दितंय तिका."

मी इथे आहे ना, असं मी म्हटलं. तिने मान हलवली. तू न्हय, म्हणाली. पयली आये. ती थंयच बसान आसा.

रविवार, २० डिसेंबर

सीताकाकींना गाठलं. आधी मला उडवून लावलं. मग मी शेवूचं बोलणं सांगितलं तशा खालीच बसल्या.

यशोदेला मुलगा झाला होता, तो दुसऱ्या दिवशी गेला. मागोमाग तिला ताप भरला. हुडहुडी थांबेना, चार गोधड्या घातल्या तरी दात वाजत. आंघोळ घाला, अंगावर ऊन पाणी घाला, एवढंच तिचं मागणं. तापात पाणी घालायचं नाही, असं सगळ्यांनी धरून ठेवलं. पाचव्या दिवशी सकाळी घरच्या आंघोळींसाठी बंब पेटला होता. तिच्या खाटेपर्यंत पाण्याचा आवाज येत होता. तो ऐकत, मागत मागत ती गेली. हे तेव्हा समुद्रावर होते.

मग काकींनी स्वतःचे दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"मेल्यार तरी ऊन पाणी घालूचा होता. बंबात होता गो आधण. पण वाट कोण बघता? मेलेल्या माणसाक ऊन काय आणि थंड काय, म्हणान बावचा थंडगार पाणी वतलंय. ह्या हातांनी वतलंय, चंद्रे."

रडल्या. मी त्यांना जवळ घेतलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. नऊ वर्षं मी अण्णांना ऊन पाण्याने पुसत होते. ते बोलू शकत नव्हते, पण पहिला ओला पंचा पाठीला लागला की डोळे मिटायचे. त्या बाईला तेवढंही मिळालं नाही.

मंगळवार, २२ डिसेंबर

ठरवलं. बंब लवूकडे पाठवून दिला, मोडीत घाल म्हणून. बैलगाडीत चढवताना दोन गडी लागले. शेवू ओटीवर उभी होती, रडली नाही. नुसती गाडीकडे बघत राहिली.

न्हाणीत तीन दगड मांडून हंडा चढवला. पाणी छान तापलं. इतकं सोपं होतं तर!

बुधवार, २३ डिसेंबर

सकाळी शेवू उठेना. ताप नाही. उलट अंग गार, मासळीसारखं. डोळे उघडे, माझ्याकडे बघतेय, बोलता येत नाही. मी तिला अंगाशी धरून बसले. माझ्या कुशीत ती आणि तिच्या पलीकडे अजून कोणीतरी. गोधडी तिकडून दबलेली. मला दिसत नव्हतं. थंडावा येत होता तिथून, उघड्या दारातून यावा तसा.

कळलं मला. बंब होता तोवर यशोदा न्हाणीत बसून पाण्याची ऊब घेत होती. तो मी काढला. आता ती लेकीपाशी आली.

काकींच्या ताब्यात पोर देऊन मी धावत लवूकडे गेले. नशीब, त्याने अजून घण घातला नव्हता. दुपारपर्यंत बंब जागेवर आणला, पेटवला. तोटी सोडून दिली. पाणी न्हाणीच्या धोंड्यावर पडत होतं आणि मी हात जोडून म्हणत होते, घे, बाई, घे.

तासाभराने शेवूने पेज मागितली.

रविवार, २७ डिसेंबर

आज दिसली.

भर सकाळी, उजेडात. धोंड्यावर पाठमोरी बसली होती. केस मोकळे, गुडघे पोटाशी, डोक्यावरून पाणी पडायची वाट बघत बसावं तशी. पाठीचे मणके मोजता येतील एवढी बारीक. थरथरत होती. मी किंचाळणार होते, पण ते थरथरणं पाहिलं आणि आवाज आतच राहिला.

तांब्या भरून पाठीवर ओतला. वाफाळतं पाणी तिच्यावर पडलं आणि खाली वाहिलं ते गार. पुन्हा ओतला. पुन्हा. बंब रिकामा झाला. ती थरथरतच होती.

तिला पुरत नाही. कधीच पुरणार नाही. दीड वर्ष ती थंडीत आहे.

गुरुवार, ३१ डिसेंबर

शेवू वाळत चालली. मी कितीही पाणी तापवलं तरी डोळा चुकवून न्हाणीत जाते. आयेक पुरणा नाय, म्हणते. मी दार कुलूपबंद केलं तर दाराला पाठ लावून बसते, आणि दाराच्या फळ्या आतून गार पडत जातात.

देवाला विचारून झालं. गावकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच.

एकच वाट दिसते. पोरीला इथून लांब न्यायचं. आणि कोणीतरी मागे राहून बंब पेटता ठेवायचा, नाहीतर यशोदा तिच्या मागोमाग जाईल.

भाईला तार केली.

शनिवार, २ जानेवारी १९६०

भाई आला आणि शेवूला घेऊन गेला. खरं कारण सांगितलं नाही, सांगितलं असतं तर मलाही नेलं असतं. हवापालट हवा, म्हटलं. ह्यांनाही मुंबईच्या वखारीच्या पत्त्यावर तेवढंच लिहिलं.

शेवूने खांब धरून ठेवला होता. बोटं एकेक सोडवावी लागली. मी सोडवली. रडत नव्हती, नुसती विचारत होती, मी काय केलंय? मी काय केलंय गो? गाडीत बसवल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"मी तुका नको जालंय."

मी हो म्हटलं. हो म्हटल्याशिवाय ती गेली नसती. परत यायचा हट्ट धरला असता.

अख्खं गाव कुंपणाशी उभं होतं. सावत्र ती सावत्रच, असं कोणीतरी म्हणालं. ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

बुधवार, ६ जानेवारी

विहिरीवर गेले की बायका घागरी उचलून बाजूला होतात. एक सीताकाकी तेवढ्या येतात, अंगणापर्यंत. न्हाणीकडे पाठ करून बसतात.

मी सकाळी बंब पेटवते आणि तिला न्हाऊ घालते. रोज. भीती वाटते का? वाटते. तांब्या सारखा बंबावर आपटतो. पण घालते.

आज ती बोलली. तोंड न फिरवता. "पाठ चोळ गो."

चोळली.

सोमवार, ११ जानेवारी

भाईचं पत्र. शेवूला रंग चढलाय. केळीच्या बागेत पोरांबरोबर हुंदडते, दोन वेळा भात मागून घेते. माझं नाव काढत नाही.

पत्र तीनदा वाचलं. बरं झालं. बरंच झालं ना.

उजव्या हाताची बोटं बधिर झालीत. निखारा उचलला तरी कळलं नाही, कातडी जळल्याचा वास आला तेव्हा कळलं. तिची पाठ मात्र आज थोडी कमी थरथरत होती. पाण्याने जे होत नव्हतं ते माझ्या हातांनी होतंय.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. कोणी तिळगूळ घ्यायला आलं नाही. काकींनी दाराशी दोन वड्या ठेवल्या.

थंडी आता कोपरापर्यंत. उन्हात बसते, ऊन लागत नाही.

तिला म्हटलं, माझी हवी तेवढी घे. पोरीला सोड. तिने डोकं मागे कलतं करून माझ्या पोटाला टेकवलं. केवढं जड. आपली धाकटी बहीण असावी तसं. मी तशीच उभी राहिले. काय करणार—

मंगळवार, १९ जानेवारी

ह्यांचं कार्ड. वेंगुर्ल्याहून. पडाव तिथे लागला, गावातला कोणी बंदरावर भेटला, त्याने सगळं सांगितलं. ह्यांचं अक्षर मोठं, पेन्सिल कागदात रुतलेली.

"पोर घालवून देण्यासाठी तुला आणली नव्हती. दोडामार्गास जाऊन शेवंतीस घेऊन रविवारी येतो. मग तुझे काय ते बघू."

रविवारी. घेऊन येतो.

तार करायला हवी. काकींना पाठवलं. तार मास्तर म्हणाले, हे बंदरावरून निघाले असतील तर तार कोणाला देणार. भाईला तरी करा म्हणाले, तशी शेवूला देऊ नको एवढी तार भाईला करून काकी परत आल्या.

शुक्रवार, २२ जानेवारी

भाईचा जबाब. काल सकाळीच घेऊन गेले. रागात होते, काही ऐकलं नाही.

काकींना सगळं सांगितलं. त्या रविवारी सकाळपासून एस.टी.च्या फाट्यावर बसतील. पोरीला तिथूनच आपल्या लेकीकडे नेतील, पाया पडतील, पण घराकडे येऊ देणार नाहीत. शपथ घेतली त्यांनी, त्याच हातांची.

पाय जड. गुडघ्याखाली काही नाही असं वाटतं. सरपण आणायला दोनदा पडले.

शनिवार, २३ जानेवारी

बंब पेटला नाही. काडी धरता येत नाही. तीन पेट्या संपल्या, सगळ्या काड्या बोटांतून—

सरपटत न्हाणीत गेले. हात पुढे केले. घे म्हटलं. तिने धरले आणि सोडून दिले.

माझ्यात काही उरलं नाही, तिला कळलं.

ती उठून उभी राहिली. पहिल्यांदाच. दाराकडे तोंड करून. तोंड पाहिलं मी. शेवूचंच. तस्संच कपाळ. रडवेलं.

कोणाची तरी वाट बघतेय.

रविवार, २४ जानेवारी

पेन्सिल मनगटाला सुतळीने बांधून लिहिते. मागच्या खिडकीशी आहे. उभं राहता येत नाही.

काकी फाट्यावर गेल्या. उजाडताच गेल्या. फाट्यावरून आले तर बरं.

न्हाणीचं दार उघडं. ती उंबऱ्यात. मी दोनदा हाक मारली. यशोदे, माझ्याकडे बघ. बघत नाही.

दहा वाजले असतील. कोणी नाही. कदाचित येणारच नाहीत. कदाचित काकींनी—

समुद्रावर होडी.

छोटी होडी, पडावाची, मागच्या वाळूकडे. देवा, हे फाट्याने नाही, हे पाण्याने—

हेच आहेत. खांद्यावर शेवू, लाल परकर. उतरवली तिला. केवढी भरलीय. गाल वर आलेत. हसतेय. पळतेय, वाळूतून, थेट—

ओरडतेय मी. आवाज नाही. नुसती हवा. काठी खिडकीवर आपटली, गळून पडली.

शेवू न्हाणीकडून येतेय. ती तिकडूनच येणार, घराची मागची वाट तीच. हे मागे होडी ओढतायत, पाठ इकडे, ह्यांना दिसत नाही—

शेवू थांबली. दारातल्या तिच्याकडे बघतेय. हात पसरले यशोदेने. बाळा नको. इकडे बघ, खिडकीत. मी म्हटलं ते खोटं होतं गो, तू मला हवी होतीस, सगळ्यात जास्त तूच, इकडे बघ, शेवू इकडे

बघितलं. माझ्याकडे बघितलं. तोंड फिरवून पुन्हा तिच्याकडे—

तिचा हात धरला—